वरून बघणारे अण्णा

अण्णा भूकरमापक म्हणून निवृत्त झाले असं पेन्शनच्या कागदावर लिहिलेलं आहे. खरं म्हणजे त्यांची फक्त हद्द वाढली. नोकरीत असताना एक तालुका होता, आता पृथ्वी आहे. सकाळचा दुसरा चहा झाला की ते हॉलच्या कोपऱ्यातल्या टेबलाशी बसतात, मुलानं नवा घेतल्यावर मागं उरलेला मोठा स्क्रीन सुरू करतात आणि कुणीतरी पाठवलेले दोन आकडे त्यात घालतात. आधी अक्षांश, मग स्वल्पविराम, मग रेखांश. गोळा गरकन फिरतो, जमीन वर वर येते आणि एखाद्या पत्र्यावर, बांधावर, नाहीतर नुसत्या काळ्या ठिपक्यावर थांबते. अण्णा खुर्ची पुढं ओढतात, चष्मा कपाळावर सारतात आणि त्या ठिपक्याला विचारतात, "हं. आता सांग बाबा, तू कोण?"

तो काही सांगत नाही. मग त्याची उलटतपासणी सुरू होते.

अण्णांकडं गिऱ्हाइकांना तोटा नाही. व्हॉट्सॲपवरचं निम्मं गूढ हल्ली आकड्यांतच येतं. 'या अक्षांश-रेखांशावर जाऊन बघा, अंगावर काटा येईल.' 'हे ठिकाण जगापासून का लपवलं?' लोक ते मोठ्या आशेनं अण्णांकडं घेऊन येतात आणि हिरमुसून जिना उतरतात, कारण अण्णांच्या टेबलावर गूढ फार काळ जगत नाही. खजिन्याचा काळा चौकोन म्हणून जे येतं ते प्लॅस्टिकचा कागद अंथरलेलं शेततळं निघतं. रत्नागिरीच्या सड्यावरची पुरातन पायऱ्यांची बारव चिरेखाण निघते. साताऱ्याच्या पठारावर ओळीनं पडलेल्या तीन बोटांच्या सावल्या पवनचक्क्यांच्या असतात, आणि कोल्हापूरकडं पत्र्याच्या शेडभोवती पसरलेला पांढुरका डाग म्हणजे गुऱ्हाळावर वाळत घातलेली उसाची चिपाडं. २००९ साली गूगलच्या नकाशात अटलांटिक समुद्राच्या तळाशी सरळ रस्त्यांचं बुडालेलं शहर दिसतंय म्हणून जगभर बोभाटा झाला होता. ते अण्णांचं लाडकं प्रकरण. "शहर कसलं! बोटी सोनार लावून जिथून जिथून खोली मोजत गेल्या तिथं रेघा उमटल्या. मोजणीदार कुठून कुठं गेला तेवढं दिसतंय त्यात."

पद्धत साधी आहे, पण चिवट. वस्तूकडं शेवटी बघायचं. आधी शेजार. वाट कुठून येते, विजेची तार कुठं जाते, ओढा किती लांब, ट्रॅक्टर वळेल एवढं अंगण आहे का. मग सावली. अशी चित्रं काढणारे बहुतेक उपग्रह मुद्दाम अशा कक्षेत सोडलेले असतात की ज्या मुलखावरून जातील तिथं घड्याळात सकाळचे साडेदहाच्या आसपास वाजलेले असावेत. "पुण्यातल्या जुन्या दुकानासारखं," अण्णा म्हणतात, "वेळ म्हणजे वेळ." त्यामुळं सावली पश्चिमेच्या अंगाला पडते आणि तिच्या लांबीवरून वस्तू उंच की बसकी ते कळतं. वरून पाण्याची टाकी गोल आणि विहीरही गोल. टाकीची सावली बाहेर पडते, विहिरीची आत. हे वाक्य आमच्या सोसायटीतल्या लहान पोरांनाही पाठ आहे.

मग वर्षं. गूगल अर्थमध्ये तारखांची पट्टी मागं सरकवली की त्याच जागेची जुनी चित्रं दिसतात. तो खजिन्याचा चौकोन २०१५च्या चित्रात नव्हताच. २०१६मध्ये 'मागेल त्याला शेततळे' ही योजना आली आणि पुढच्या चित्रात चौकोन हजर. "खजिना पुरायला निदान राजा तरी जुना लागतो," एवढं बोलून अण्णांनी फाईल बंद केली. पावसाळ्यात ढगांमुळं स्वच्छ चित्र मिळत नाही, म्हणून नकाशातला महाराष्ट्र बहुतेक दिवाळीनंतरचा असतो. कुणाचा तरी मुलगा अमेरिकेतून कळवळून विचारत होता, 'आपलं गाव असं करपलं कसं?' अण्णांनी कळवलं, 'गाव ठीक आहे. फोटो मार्चचा आहे.'

एका नकाशावर त्यांचा विश्वास नाही. गूगल झाला की इस्रोचा 'भुवन', नावांसाठी ओपनस्ट्रीटमॅप, गट नंबरासाठी राज्याचा भूनकाशा. हे त्यांचे पंच. विकीमॅपियावर लोकांनी चौकोन काढकाढून 'आमचं घर', 'पप्याची टपरी' असं लिहून ठेवलेलं असतं. त्याला अण्णा ऐकीव पुरावा म्हणतात, पण वाचतात.

पण त्यांचं खरं कसब गूढात नाही, स्थळांत आहे. म्हणजे लग्नाच्या.

तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनींच्या भाचीला सिन्नर तालुक्यातलं स्थळ आलं. मुलगा पुण्यात नोकरीला. बायोडाटावर 'पाच एकर बागायत, बंगला, स्वतःची विहीर'. मुलाच्या मामानं उत्साहानं सातबाराच पाठवून दिला होता, आणि वहिनींनी बोलता बोलता तो अण्णांना दाखवला. झालं. अण्णांनी भूनकाशावर गट काढला, त्याचा आकार कागदावर उतरवला, उपग्रहाच्या चित्रात तसाच बांध हुडकला आणि मोजपट्टी फिरवली. दुसऱ्या दिवशी वहिनींना बोलावणं गेलं.

"बसा. क्षेत्र बरोबर आहे. चार गुंठे कमी भरतात, ते रस्त्यात गेले असतील. आता हा डिसेंबर. हिरवं आहे?"

"आहे की."

"आणि हा एप्रिल."

वहिनी वाकून बघू लागल्या. "थोडंच दिसतंय हो."

"सव्वा एकर. म्हणजे बागायत सव्वा, बाकीची जिरायत. सिन्नरचा पूर्वभाग, तिथं पाऊसच कमी. त्यांचा दोष नाही. लिहिताना हात जरा सैल सुटला, एवढंच."

"आणि बंगला?"

"पुढं दोन खोल्यांना स्लॅब, मागं पत्रा. पत्रा नवा आहे, चकाकतोय. आधीच्या चित्रात तिथं कौलं होती. म्हणजे सुधारणा चालू आहे. हे मी त्यांच्या बाजूनं धरतो."

"विहीर तरी आहे का?"

"आहे. सावली आत आहे. पण विहिरीवर जायची वाट शेजाऱ्याच्या बांधावरून. शेजारी बरा असला तर हरकत नाही."

वहिनींनी सगळं मनात साठवलं आणि शेवटी मुद्द्याचं विचारलं. "अण्णा, मुलगा कसा असेल?"

अण्णांनी स्क्रीनकडं पुन्हा एकदा नीट पाहिलं. थोडं आणखी खाली उतरून पाहिलं.

"ते वरून दिसत नाही," ते म्हणाले.

वहिनींनी मग प्रत्यक्ष जाऊन मुलगा पाहिला, तो चांगला निघाला आणि लग्न जमलं. पत्रिकेवर नात्यातल्या एका हुशार मुलानं पुण्यातल्या कार्यालयाचा अक्षांश-रेखांश छापला, पण उलटा. आधी ७३, मागून १८. बाकीच्यांनी पत्रिका नेहमीसारखी वाचली, म्हणजे जेवणाची वेळ पाहिली. अण्णांनी आकडे घातले. गोळा भलतीकडंच निघाला. उत्तरेला, आणखी उत्तरेला, नॉर्वेचं टोक मागं टाकून समुद्रात थांबला. अण्णांनी लगेच सोसायटीच्या ग्रुपवर टाकलं: 'कार्यालय बेअर आयलंडच्या दक्षिणेस सुमारे पन्नास किलोमीटरवर, पाण्यात आहे. बेटावर हवामान केंद्राचे मोजके लोक राहतात, आयत्या वेळी तेवढेच येऊ शकतील. स्वेटर न्यावा.' खाली एकानं विचारलं होतं, पार्किंग आहे का.

त्या मुलाचा सगळा दोष होता असंही नाही. गूगलचा नकाशा अक्षांश आधी मागतो आणि नकाशाच्या काही फायलींत रेखांश आधी लिहायची रीत आहे. भल्याभल्यांची इथं उलटापालट होते. त्याहून फसवी भानगड मिनिटांची. पुणे अठरा अंश एकतीस मिनिटांवर आहे. ते १८.३१ असं लिहिलं की चुकलं, कारण अंशाची मिनिटं साठ असतात. लिहायला हवं १८.५२. रेखांशातही तीच चूक केली की शनिवारवाड्याला निघालेला माणूस तोरण्याच्या पश्चिमेला दहा-बारा किलोमीटरवर घाटमाथ्याच्या रानात पोचतो. आणि आकडे घालायचेच राहिले तर पुष्कळदा मशीन शून्य-शून्य धरतं. ती जागा आफ्रिकेजवळ गिनीच्या आखातात आहे. तिथं हवामानाच्या नोंदी घेणारा एक तरंगता बोया सोडला तर काहीही नाही, पण संगणकाच्या जगातल्या पत्ता चुकलेल्या नोंदी तिथंच जाऊन पडतात. अण्णा त्याला बेवारशांचं गावठाण म्हणतात.

हे सगळं वरून. जमिनीवर अण्णांचं फारसं चालत नाही. रिक्षात बसले की "आता वायव्येला घ्या" म्हणतात. रिक्षावाला म्हणतो, "काका, डावीकडं का उजवीकडं तेवढं बोला." तेवढंच त्यांना बोलता येत नाही. ज्या इमारतीच्या गच्चीवर सोलरचे पॅनेल किती आणि कोणत्या वर्षी बसले ते त्यांना ठाऊक असतं, तिच्या फाटकासमोरून ते दोनदा पुढं निघून जातात. २०२२मध्ये स्ट्रीट व्ह्यू भारतात आला. पहिल्या दहा शहरांत पुणं होतं, नाशिक होतं आणि चक्क नगरही होतं. रस्ता डोळ्यांसमोर दिसतो म्हणून पोरं हरखली. अण्णांनी एकदाच पाहिलं आणि बंद केलं. "डोळ्यांच्या उंचीवरून काय, कुणीही बघेल."

अण्णांच्या बायकोला, माईंना, या सगळ्याचा उपयोग एकदाच करून घ्यावासा वाटला. गच्चीवर कुरडया घातल्या होत्या, त्यावर कावळे येतात का ते त्यांना खालून कळेना. "अहो, तुमच्या त्या यंत्रात जरा बघता का?" अण्णांनी खरोखर बघितलं आणि म्हणाले, "चित्र फेब्रुवारीचं आहे. कुरडया एप्रिलच्या." माई काही न बोलता काठी घेऊन गच्चीवर गेल्या. पुढं २०२५मध्ये टपाल खात्यानं डिजीपिन आणला, सगळा देश साधारण चार मीटर बाय चार मीटरच्या चौकोनांत वाटून प्रत्येकाला दहा खुणांचा नंबर दिला. तेव्हा अण्णांनी घरातल्या घरात मोजणी केली. त्यांच्या हिशेबानं स्वयंपाकघराचा पत्ता वेगळा आणि हॉलचा वेगळा भरतो. माई म्हणाल्या, "बरं झालं. आता चहा हवा असला तर तिकडच्या पत्त्यावर या."

अण्णांचे देव दोन, आणि दोघेही मोजणीवालेच म्हणायचे. पहिला विल्यम लॅम्बटन. त्यानं १८०२मध्ये मद्रासजवळ पायारेषा मोजून हिंदुस्थानच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणाला हात घातला. अर्ध्या टनाचं थिओडोलाइट डोंगरांवर नि गोपुरांवर चढवलं. तंजावरला १८०८मध्ये दोर तुटून ते देवळावर आदळलं, तर खचून न जाता स्वतः बसून दुरुस्त केलं. हा माणूस १८२३मध्ये काम चालू असतानाच वारला, तो आपल्या हिंगणघाटला. त्याच्या जागी एव्हरेस्ट आला. त्याच्या नावाचं शिखर सगळ्यांना माहीत असतं, अण्णांना त्याच्या नावाचा गोळा माहीत आहे. पृथ्वी नेमकी किती चपटी, याचा एव्हरेस्टनं १८३०मध्ये जो हिशेब मांडला त्यावर आपल्या जुन्या टोपोशीट बेतलेल्या आहेत. मोबाईलमधला जीपीएस वेगळा गोळा धरून चालतो. म्हणून एका उत्साही पोरानं जुन्या टोपोशीटवरून देवळाचे आकडे काढून मोबाईलमध्ये घातले, तेव्हा पिन शंभरेक मीटर सरकून ओढ्यात पडली. पोरगं म्हणालं नकाशा चुकलाय. अण्णांना एवढा राग मी कधी पाहिला नव्हता. "नकाशा चुकलेला नाही. तू दोन वेगवेगळ्या पृथ्व्या एकत्र केल्यास!"

दुसरा देव सरू ब्रायर्ली. खांडव्याचा पाच वर्षांचा पोर, १९८६मध्ये बऱ्हाणपूरला रेल्वेत झोपला तो कलकत्त्याला पोचला आणि तिथून दत्तक म्हणून टास्मानियात गेला. गावाचं नाव धड आठवत नव्हतं. मोठेपणी गाडीचा वेग आणि प्रवासाचे तास यांचा गुणाकार करून त्यानं कलकत्त्याभोवती वर्तुळ काढलं आणि गूगल अर्थवर रेल्वेच्या रुळांवरून मागं मागं जात राहिला. २०११मध्ये त्याला आठवणीतली पाण्याची टाकी दिसली, ती बऱ्हाणपूरच्या स्टेशनाजवळची. पुढं खांडवा, मग गल्ली, मग आई. त्यावर 'लायन' सिनेमा निघाला. सगळे रडले ते आईच्या भेटीला, अण्णा रडले ते टाकीला. "आपल्या रावेरच्या पलीकडचं स्टेशन," ते नाक पुसत म्हणाले, "आणि शोधलं कुठून, तर टास्मानियातून. शेजार बघितला त्यानं, म्हणून सापडलं."

अण्णांच्या टेबलावर एक लांबट वही असते. रकाने पाच: अक्षांश, रेखांश, चित्राची तारीख, काय दिसतं, काय आहे. चौथा रकाना ते लगेच भरतात आणि त्यात बहुतेक वेळा पहिला शब्द 'बहुधा' असतो. पाचवा रकाना तोवर कोरा राहतो, जोवर कुणी जिवंत माणूस त्या जागेवर जाऊन उभा राहत नाही. बी विंगमधल्या रसायनशास्त्राच्या निवृत्त प्राध्यापकांना ही पद्धत मान्य नाही. नंदुरबारजवळच्या लाल तळ्यावरून दोघांची चांगलीच जुंपली.

आकडे कुणीतरी 'रक्ताचं तळं' म्हणून पाठवले होते. रंग खरोखरच रक्तासारखा. प्राध्यापक म्हणाले, "यात काय आहे! २०२०च्या जूनमध्ये लोणारचं पाणी गुलाबी झालं होतं. आपल्या आघारकर संस्थेनंच तपासलं, खारट पाण्यातले सूक्ष्मजीव निघाले. तोच प्रकार."

"लोणार गोल आहे," अण्णा म्हणाले. "पावणेदोन किलोमीटरचं विवर, उल्का आदळून झालेलं. हे चौकोनी आहे. उल्का चौकोनी असते का?"

"तळं चौकोनी बांधता येतं."

"येतं. मग बांध कुठाय? आणि तळ्यातून या पायवाटा कशा गेल्यात? आडव्या-उभ्या, सारख्या अंतरावर. पाण्यावरून कोण चालतंय? कडेला हे चार ट्रक. हा जानेवारी, लाल. हा मे, नुसती माती. पाणी आटलं तर चिखल दिसेल, भेगा दिसतील, इथं ढेकूळ नाही."

प्राध्यापक गप्प झाले, पण पटलं म्हणाले नाहीत. अण्णांनी वहीत लिहिलं: 'बहुधा मिरचीची पथारी.' नंदुरबारकडं ओली लाल मिरची उघड्या रानात अशीच पसरून वाळवतात, तिला पथारी म्हणतात. मग त्यांनी खात्यातल्या एका जुन्या सहकाऱ्याला फोन लावला, त्यांनी भाच्याला मोटरसायकलवर पिटाळलं. संध्याकाळी भाच्याचा आवाजी निरोप आला. त्यात शब्द एकही नव्हता. सलग सात-आठ शिंका होत्या आणि शेवटी "आई गं" होतं. अण्णांनी तो निरोप प्राध्यापकांना पुढं पाठवला, वहीतल्या 'बहुधा'वर काट मारली आणि पाचव्या रकान्यात लिहिलं, 'मिरची.'

त्या वहीत पाचवा रकाना कोरा असलेल्या ओळी अजून पुष्कळ आहेत. एक अंबाजोगाईच्या बाजूची आहे. माळावर पांढरं वर्तुळ, आत झाड नाही, सावली आतही नाही बाहेरही नाही, पायवाट एकच आणि तीही अर्ध्यात संपते. २०१४च्या चित्रापासून ते तसंच आहे. अण्णांनी 'बहुधा' लिहून पुढं काहीच लिहिलेलं नाही. तुम्ही तिकडचे असाल तर अण्णांकडून आकडे मागून घ्या, सवडीनं जाऊन तिथं उभे राहा आणि काय आहे ते कळवा. उत्तरात स्वतःचे आकडे पाठवाल तेव्हा अक्षांश आधी, रेखांश मागून, आणि दशांशचिन्हापुढं पाच आकडे पुरेत, त्यात मीटरभराचाच काय तो फरक राहतो. सहावा लिहू नका. लिहिलात तर अण्णा विचारतील, उंबऱ्याच्या आत उभे होता की बाहेर.